बस म्हटल्यावर

टर्नरकाकांची लोखंड कातायची लेथ गळक्या शेडमध्ये गंजत चालली होती. ती घरात आणायला काकूंनी होकार दिला, पण अट घालून : नव्या फरशीचा टवका जरी उडाला, तरी लेथ संध्याकाळच्या आत भंगारवाल्याकडे. काकू बोलतात ते करतात, हे काकांना लग्नापासून ठाऊक होतं.

दारातून क्रेन येणार नव्हती, म्हणून काकांनी घरातल्याच वस्तूंवर डोकं चालवलं. फरशीवर फळ्या अंथरल्या, नळाच्या जुन्या पाइपचे तुकडे लाटण्यासारखे लेथखाली घातले आणि ढकलत ढकलत ती उंबऱ्यापर्यंत आणली. आता एक बाजू बोटभर उचलून खाली ठोकळे सारायचे, की काम सोपं. त्यासाठी अंगणातला कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप उपसून आणला, तरफेसारखा लेथखाली घातला आणि त्याच्या लांब टोकाला मेहुण्याला जुंपलं. मेहुणा अंगानं भरभक्कम, पण कुठंही गेला की आधी खुर्ची शोधणारा.

त्यानं पाइप दाबला. लेथ बोटभर उचलली गेली.

“बस,” काका म्हणाले.

मेहुणा बसला. सकाळपासून याच शब्दाची वाट पाहत असल्यासारखा, ऐसपैस, पाइपावरच.

लेथ वीतभर वर जाऊन भिंतीकडे कलली. काकांनी धावत जाऊन तिला खांदा दिला आणि मेहुण्याला उठशील तर याद राख म्हणून बजावलं.

“भावोजी, एक काय ते ठरवा,” मेहुणा म्हणाला. “तुम्हीच बस म्हणालात.”

आता आली का पंचाईत! मेहुण्यानं उठायचं नाही, काकांनी खांदा काढायचा नाही, आणि ठोकळे दोघांच्याही हाताबाहेर. तेवढ्यात ओल्या कपड्यांची बादली घेऊन काकू आपला पाइप शोधत आल्या. पाइप सापडला. त्यावर वाळत घातल्यासारखा भाऊही सापडला. काका गयावया करू लागले. काकूंनी बादली खाली ठेवली आणि झाडूच्या दांड्यानं एकेक ठोकळा आत सारला. लेथखाली बोटं घालायची नाहीत, एवढं त्या या संसारात शिकल्या होत्या.

मग ‘बस’ला बंदी झाली. फक्त ‘थांब’ म्हणायचं ठरलं. थांब, थांब करत लेथ खिडकीपाशी पोचली. फळ्या उचलल्या. फरशी आरशासारखी लख्ख. काकांनी घाम पुसला आणि भरल्या मनानं म्हणाले, “बस.”

मेहुणा शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसला. खालून कट्‌ असा आवाज आला. फरशीला आरपार तडा.

“लेथनं नाही फुटली,” काका हळूच म्हणाले.

काकूंनी तडा पाहिला, लेथ पाहिली, मग भावाकडे बराच वेळ पाहिलं.

“तेच बघतेय,” त्या म्हणाल्या. “भंगारवाल्याला नक्की काय द्यायचं ते.”

मेहुणा स्टुलावरून हलला नाही.

“भावोजी, आता उठू?”