प्रश्न नववा: तोल जातो का?

मित्रांनो, त्या मंगळवारी लातूरच्या दवाखान्यात विशेष काही घडलं नाही. बाकावर माणिकप्पा बसले होते, उजवीकडे त्यांची मुलगी शिवकन्या. डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी होती. ती त्यांनी मुद्दाम सोडली होती.

मी एक जुनी प्रश्नावली आहे. चक्कर कशाने येते, कानामुळे, रक्तदाबामुळे की मेंदूमुळे, हे आधीच चाळून पाहता यावं म्हणून डॉक्टरांनी मला तयार केलं. झेरॉक्सची झेरॉक्स होता होता माझी अक्षरं फिकट झाली. वीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे दोन चौकटी, होय आणि नाही. 'हिच्यामुळे निम्मं काम होतं,' असं डॉक्टर म्हणत. मलाही ते खरं वाटे.

शिवकन्या शाळेत शिकवते. ती वाचत गेली, आप्पा सांगत गेले.

"कूस बदलताना गरगरतं का?"

"हाव. सगळं घर फिरायलंय."

तिने 'होय'वर खूण केली.

"चालताना तोल जातो का?" हा माझा नववा प्रश्न.

आप्पा हसले. ते अडत बाजारात मापाडी होते. "चाळीस वर्षं लोकांचा माल तोलला. माझा तोल कशाला जातोय? तोल बराबर हाय. डाव्या हाताला धरून कुणीतरी ओढायलंय, तेवढंच."

"कोण ओढतंय?"

"मला काय ठाऊक? दिसंना की."

त्यांनी डावीकडे पाहिलं. शिवकन्येनेही पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"आप्पा, हे आत बोलू नका. डॉक्टर म्हणतील, भुताखेताची माणसं आली."

"बरं. मास्तरीणबाई म्हणतील तसं."

तिने 'नाही'वर खूण केली. पेनचं टोक माझ्यात जरा रुतलं. एका बाजूला ओढल्यासारखं होणं म्हणजेच तोल जाणं, हे मला माहीत होतं. पण मला फक्त विचारता येतं.

बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी मला वाचलं, आप्पांना चालवून पाहिलं नाही. कानाचा दोष म्हणाले, मानेचे व्यायाम दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा अंगणात कोसळले, डाव्या कुशीवर. मेंदूत रक्ताची गाठ होती, हे मोठ्या दवाखान्यात कळलं. तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून मी त्यांच्या फाईलमध्ये आहे. दुपारी शाळा सुटली की शिवकन्या मला टेबलावर काढून ठेवते. टेबल सपाट आहे. पंखा बंद असतो. तरी मी डावीकडे सरकते, हळूहळू, बोटभर. ती मला सरळ करते. मी पुन्हा सरकते. मला कोण ओढतं, ते मलाही दिसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा कागद कधी तुमच्या हाती आला, तर आजारी माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. चौकटीत बसत नसेल तर समासात लिहा. ऐकून हसू आलं तरी लिहा.

आज तिने मला सरळ केलं नाही. मी सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेले, तरी ती पाहत राहिली. मग डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "आप्पा, तुम्ही सांगितलं होतं. मला तुमची लाज वाटली."