चौथ्या रांगेतला माणूस

“दांडी हलतेय जरा,” शिंपी म्हणाला आणि त्याने चष्मा काउंटरवर ठेवला.

दांडी हलत नव्हती. पंचांनी परवाच ती घट्ट करून दिली होती. तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून फिरवल्यासारखा केला आणि चष्मा परत दिला. पाठोपाठ पोस्टमन आला. त्याला म्हणे काचेवर ओरखडा दिसत होता. मग शाळेतले गणिताचे मास्तर आले. त्यांनी कसलाही बहाणा केला नाही, नेहमीचे स्टूल ओढून घेतले आणि बसले. कालच्या सामन्याबद्दल पहिली दहा मिनिटे कोणी अवाक्षर काढले नाही. या दुकानात वीस वर्षांत असे प्रथमच घडत होते.

पंच हे त्यांचे नाव नव्हे. धंदा चष्म्यांचा; दिवसभर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. आयुष्यात त्यांनी कधी शिट्टी तोंडात धरली नव्हती की बास्केटबॉल हातात घेतला नव्हता. पण शहराच्या संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि कोणाच्या अंगात किती पाणी आहे हे ते बाकावर बसून छातीठोकपणे सांगत. “साखळी सामन्यात कोणीही खेळतं हो,” ते म्हणत. “बाद फेरीत बघा. शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक. तिथे कोण उभा राहतो आणि कोण कच खातो, ते सांगा.”

त्यासाठी दुकानात एक पद्धतच पडून गेली होती. काउंटरच्या टोकाला काचा ठेवायचे दोन ट्रे होते. एकावर चिठ्ठी, ‘उभा राहिला’. दुसऱ्यावर, ‘कच खाल्ली’. बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या खेळाडूवरून वाद असेल त्याच्यासाठी चौघांनी एकेक फुकट गेलेली काच कुठल्या तरी ट्रेमध्ये टाकायची. दोन-दोन झाले तर पंच म्हणतील ते खरे. निकाल कायमचा. एकदा कच खाल्लेल्या खेळाडूने पुढे पाच करंडक आणले तरी या दुकानात त्याची सुटका नसे.

वाद मात्र जोरदार व्हायचे. पोस्टमनचे म्हणणे, हा सगळा रक्ताचा प्रश्न, काही माणसे जन्मतःच ऐन वेळी ताठ उभी राहतात. शिंप्याला वाटे, शेवटी सगळे नशीब. मास्तर वहीत आकडे लिहून ठेवत आणि दोघांनाही मोडीत काढत. “शंभरातले सत्तर टाकणारा माणूस तीस चुकवणारच. त्यातले दोन शेवटच्या मिनिटाला चुकले तर तो भ्याड कसा झाला? आपण तेवढे दोनच लक्षात ठेवतो, एवढंच.”

“आकडे ठेवा खिशात,” पंच म्हणत. “फ्री थ्रोला, अडवायला कोणी नसताना, एकटा उभा राहिला की त्याच्या हातांकडे बघा. चड्डीला हात पुसला, की समजा गेला. घाम भीतीचा असतो.”

“मागच्या वर्षी संघातल्या त्या लांब्याने हात पुसून दोन्ही टाकले होते.”

“ते नशीब.”

“म्हणजे तुमचं बरोबर आलं तर नियम आणि चुकलं तर नशीब.”

“हो,” पंच शांतपणे म्हणत, आणि सगळे हसत. पण नियम सगळ्यांच्या तोंडी बसला होता. सामन्यात कोणी हात पुसला की प्रेक्षकांत हे चौघे एकमेकांना कोपर मारत.

पंचांची मुलगी याच दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला अभ्यास करत लहानाची मोठी झाली होती. अकरा वर्षांची असताना ती शाळेच्या संघातून पहिला मोठा सामना खेळली आणि शेवटी एक फ्री थ्रो चुकली. घरी येताना पंच तिला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तू हात पुसलेस ना, तेव्हाच मला कळलं होतं.” त्यानंतर तिने कधी हात पुसला नाही. आता ती सव्वीस वर्षांची होती, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचे काम करत होती आणि संध्याकाळी शहराच्या महिला संघाकडून खेळत होती. “माझी पोर हात पुसत नाही,” हे वाक्य पंचांनी गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवले होते. डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून आलेल्या माणसाला त्याचे काय, पण ऐकून घ्यावे लागे.

काल उपांत्य सामना होता. दोन सेकंद उरले होते, संघ एका गुणाने मागे होता आणि तिला एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले. हॉलमध्ये पंखे होते, पण ते प्रेक्षकांच्या डोक्यावर. पंच चौथ्या रांगेत, बरोबर बास्केटच्या मागे बसले होते. ही जागा त्यांची ठरलेली. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडला. दुसरा तिच्या हातून सुटला तेव्हाच वाकडा सुटला. तो रिंगला लागलासुद्धा नाही. समोरच्या बाजूचे लोक हसले. सामना गेला.

सकाळी पंच घरातून निघत होते तेव्हा बायकोने दाराशी गाठले होते. “ती सामान परत करायला निघालीय. दुपारी कोच सरांना देणार म्हणे. रविवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे, तोही खेळणार नाही. यापुढे काहीच खेळणार नाही म्हणते.” आणि थोडे थांबून, “तुम्ही बोला तिच्याशी. माझं ऐकत नाही ती.”

“बोलतो,” पंच म्हणाले होते आणि चप्पल घालून सरळ दुकानात आले होते. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत जागी होती.

शेवटी मास्तरांनीच विषय काढला. “तिचा या मोसमातला हिशेब ऐंशी टक्क्यांचा आहे. काल चुकणाऱ्या वीसमधले दोन आले, बस.”

“आणि मी बघत होतो,” शिंपी लगेच म्हणाला, “तिने हात पुसला नाही. दोन्ही वेळा नाही. म्हणजे घाबरली नव्हती. नशीब फिरलं, दुसरं काय?”

“रक्त चांगलंय,” पोस्टमन म्हणाला. “मी तर म्हणतो, आजच निकाल लावून टाका. नियम तुमचाच आहे, पंच.”

त्याने फुकट गेलेल्या काचांच्या डब्यातून एक काच घेतली आणि ‘उभा राहिला’च्या ट्रेमध्ये टाकली. शिंप्याने टाकली. निकाल-बिकाल मानत नाही असे दरवेळी बजावणाऱ्या मास्तरांनीही टाकली. तिघांनी तिथल्या तिथे पंचांच्या मुलीला निर्दोष सोडून दिले होते आणि आता ते पंचांच्या तोंडाकडे बघत होते. चांगली माणसे होती ती. पंचांना त्या क्षणी त्यांच्या चांगुलपणाचा राग आला.

कारण तिघांनी जे बघितले नव्हते ते पंचांनी बघितले होते. दुसऱ्या फ्री थ्रोच्या आधी तिचा उजवा हात चेंडूवरून निघाला होता. चड्डीच्या दिशेने वीतभर खाली आला होता. तिथे तो थांबला, आणि तसाच ओला परत चेंडूवर गेला. तेवढ्यात तिची नजर बास्केटच्या मागे, चौथ्या रांगेकडे गेली होती की नाही, हे त्यांनी कालपासून स्वतःला शंभर वेळा विचारले होते. काच हातात धरून ते तसेच बसून राहिले.

“टाका की,” पोस्टमन म्हणाला.

“तिला हात पुसायचा होता,” पंच म्हणाले. “माझ्यामुळे पुसला नाही. चेंडू घामाने निसटला. त्यात नशीब नाही आणि रक्तही नाही.”

मास्तरांनी वही उघडली आणि मिटली. मग शिंप्याला दुकान उघडे टाकून आल्याची आठवण झाली, पोस्टमनला टपाल आठवले, आणि जाता जाता मास्तर पंचांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पंचांची काच त्यांच्याजवळच राहिली. ती त्यांनी कचऱ्यात टाकली.

मुलगी साडेबाराला आली. खांद्यावर खेळाची बॅग होती. लॅबमधून सरांकडे जायच्या वाटेवर हे दुकान लागे.

“आईने डबा दिलाय,” ती म्हणाली आणि डबा काउंटरवर ठेवून वळली.

“बस जरा.”

“उशीर होतोय, बाबा.”

पंचांना घाम फुटला. वीस वर्षे त्यांनी लोकांना शेवटच्या मिनिटात कसे उभे राहायचे ते शिकवले होते, आणि आता पोटच्या पोरीसमोर ते स्वच्छ काउंटरच पुन्हा पुसत होते. तेवढ्यात एक बाई नवऱ्याचा चष्मा न्यायला आल्या. त्यांनी फ्रेम उलटसुलट करून बघितली, डबी मागितली, मग दुसऱ्या रंगाची मागितली. मुलगी दाराशी थांबून राहिली. बाई गेल्या तेव्हा पंचांना वाटले, अजून एखादे गिऱ्हाईक आले तर बरे. कोणी आले नाही.

“मी बघितलं,” ते म्हणाले. “तुझा हात अर्ध्यावर थांबला ते.”

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

“पुसायला हवा होतास.”

“आता सांगताय?”

“हो. आता सांगतोय. मी इतकी वर्षं जे बोलत आलो, ते सगळं चुकीचं होतं. मला त्यातलं काहीही कळत नाही. मी कधी खेळलोच नाही.”

ती स्टुलावर बसली. बॅग मांडीवर घेतली. “लॅबमध्ये मी दिवसातून पन्नास वेळा हात कोरडे करते,” ती म्हणाली. “लहान बाळांच्या शिरा केवढ्याशा असतात. हात कोरडे करायचे, ग्लोव्हज घालायचे, मग सुई धरायची. तिथे कोणी म्हणत नाही की घाबरलीस. आणि खरं सांगू का, घाबरलेली असतेच मी. रोज. तरी सुई बरोबर जाते.”

“मग काल...”

“काल चौथ्या रांगेत तुम्ही होतात.”

ती चिडून बोलली असती तर पंचांना सोपे गेले असते. ती नुसतेच सांगत होती. पंचांना एकदम जाणवले की अकराव्या वर्षापासून ही मुलगी प्रत्येक सामन्यात दोन ठिकाणी खेळत होती, एक मैदानात आणि एक त्यांच्या डोळ्यांत. त्यांना फार वाईट वाटले, आणि ते लपवायला हाताशी एकही चष्मा नव्हता.

“रविवारी खेळ,” ते म्हणाले. “सामान परत करू नकोस.”

“मला नाही जमणार आता.”

“मी आलो नाही तर?”

तिने त्यांच्याकडे बघितले. पंचांची अपेक्षा होती की ती ‘छे, असं काय बोलता’ म्हणेल. बाहेरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

“नका येऊ,” ती म्हणाली. मग बॅग खांद्याला लावून उठली आणि आली होती त्याच वाटेने परत लॅबकडे गेली. सरांचे घर विरुद्ध दिशेला होते.

रविवारी दुपारी शिंपी, पोस्टमन आणि मास्तर पंचांना न्यायला घरी आले. पंच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी फार आग्रह केला नाही. घरात बायकोने रेडिओ लावून दिला, पंचांनी तो बंद केला, दोनदा पाणी प्यायले आणि शेवटी सदरा चढवून बाहेर पडले.

हॉलच्या पायऱ्यांपाशी ते पोहोचले तेव्हा आत सामना रंगात आला असावा. दारावरच्या रखवालदाराने त्यांना ओळखले. “साहेब, आज एवढा उशीर? जा ना आत, तुमची जागा रिकामीच आहे. तिथे कोणी बसत नाही.”

“नाही. इथेच बरं आहे.”

“इथून काय दिसणार?”

“काही नाही,” पंच म्हणाले आणि खालच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसले.

आतून बूट घासल्याचे आवाज येत होते, मधूनच शिट्टी. एका शिट्टीनंतर सगळे शांत झाले. फ्री थ्रो असणार, एवढे त्यांना बाहेर बसूनही कळले. कोण टाकते आहे, किती वेळ उरला आहे, हे कळायला मार्ग नव्हता. रखवालदार दाराच्या फटीला डोळा लावून उभा होता. त्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पंच समोरच्या रस्त्याकडे बघत बसले.

मग आतून एकच मोठा ओरडा उठला. तो आनंदाचा होता, पण कुठल्या बाजूच्या लोकांचा ते बाहेरून समजत नव्हते. रखवालदार काहीतरी सांगायला वळला. पंचांनी हात वर करून त्याला थांबवले.