दोन नंबरची मतं

काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेच्या, निवडणुकीची मतमोजणी क्रीडा संकुलात चालली होती. तिथे मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे पसंतीचे एक, दोन, तीन असे नंबर लिहायचे असतात. झोपलेल्या लेकाला खांद्यावर घेऊन उमेदवार डर्व्हला कठड्याशी थांबली होती. वसाहतीपासून शाळेपर्यंत फूटपाथ व्हावा, एवढ्यासाठीच ती निवडणुकीला उभी राहिली होती. त्या रस्त्याला पोरं अजून गवतातून, ट्रकांना अंग चोरत चालतात.

"मी तुलाही दिलंय गं मत," शेजारची नुआला म्हणाली. "दोन नंबरचं. एक नंबर फर्गलला दिला. तोच दारोदार सांगत होता, डर्व्हला काय, ती निवडून आल्यातच जमा आहे."

"आमच्याकडेही तेच म्हणाला," मागून कुणीतरी बोललं.

फर्गल तिच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार. एक नंबरची मतं सगळ्यात कमी डर्व्हलाला पडली, म्हणून आधी तीच बाद झाली. गावाने तिला भरभरून दिलेले दोन नंबर मोजायची पाळीच आली नाही. उलट बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, म्हणून कारकुनाने तिचा गठ्ठा सोडला, तिच्या मतपत्रिकांवरचे दोन नंबर पाहिले आणि बहुतेक सगळ्या फर्गलच्या ढिगावर ठेवल्या. त्यात तिची स्वतःचीही होती. तेवढ्यावर फर्गल निवडून आला.

"तुझ्या मतांनी तरलो बघ, पोरी," तो हसत म्हणाला.

"मग फूटपाथ कराल ना?"

"माझ्या भावाच्या शेतातून? वेडी आहेस का?" त्याने बाळाला अलगद तिच्याकडून घेतलं. "ये, फोटो काढू. पक्ष जिंकलाय आपला."

बाळ जागं झालं आणि त्याच्याकडे बघून गोड हसलं.