धोका कोणी सांगेना

मस्कतला सात वर्षं सेफ्टीची नोकरी करून २००३ साली मी, अझीम, जयगडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, कामाला लागलो. पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी पंधरा फुटी खड्डा चालला होता. माझं काम एकच: धोका कुठे आहे ते बघायचं, माणसांना विचारायचं आणि रोज सकाळी कागदावर सही करायची. सहीशिवाय कोणी खाली उतरायचं नाही.

विचारायचं कोणाला, डोंबल! "धोंडूदादा, खाली काही भीती?" तर खणणाऱ्यांचा म्होरक्या धोंडूदादा म्हणायचा, "छे! जांभा दगड तो, कधी पडतो काय? आमच्या विहिरी बघा." त्याच्या हाताखालचे दोघे माना डोलवायचे. नारळ फोडून, देवाला गाऱ्हाणं घालून काम सुरू केलेलं. आता त्या जागेवर वाईट बोलणं म्हणजे संकटाला आवतण. मस्कतमध्ये माणसं नोकरी जाईल म्हणून गप्प बसायची, इथे बोललेलं खरं होईल म्हणून.

पण तळाला जांभा संपून पांढरी, ओलसर माती लागली होती. ती मला अजिबात आवडली नव्हती. इंजिनिअर संदेश ऐकेना. "पुरावा दे, नाहीतर सही कर. दहा वाजता माणसं उतरणार." माझं डोकंच फिरलं. सही केली आणि बाजू ढासळली, तर तीन घरं उघड्यावर यायची.

मी धोंडूदादाला गाठलं. "मला नका सांगू, देवाला सांगा. परत गाऱ्हाणं घाला. पण मोघम नको हां!"

"अझीमभाय, तुम्ही सांगताव?"

"मीच सांगतो. घाला."

नारळ ठेवून त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, उत्तरेकडून पाणी झिरपतंय, त्यापासून राख रे!"

"व्हय म्हाराजा!" दोघे ओरडले.

"काल माती सुटून मी मांडीपर्यंत गाडलो गेलो, ह्या दोघांनी ओढून काढलं, तसं परत नको रे म्हाराजा..."

ह्या वेळी "व्हय" कोणाच्या तोंडून नीट निघालंच नाही. मांडीपर्यंत! आणि सकाळी हा माणूस मला विहिरी दाखवत होता. मला रागही आला, रडूही आलं.

गाऱ्हाण्यातलं सगळं कागदावर उतरवून मी खाली लिहिलं: काम बंद. बाजू उतरत्या कापा, पाण्याला वाट काढा, मगच माणूस.

संदेश कागद वाचून हसला. "देवाला सांगितलेलं पुरावा म्हणून लावतोस? ए धोंडू, काल काही झालं होतं का रे?"

धोंडूदादा खाली बघत उभा राहिला. मला वाटलं, संपलं. मग त्याने लुंगी वर ओढली. मांडी काळीनिळी पडली होती.

"झालं होतं सायेब," तो म्हणाला, "आणि मी आज उतरत नाय."