बंपरमागची पोकळी

दाजींनी गाडीला नवा, भला मोठा इंटरकूलर बसवून घेतला, तोही सख्ख्या मेहुण्याचं गॅरेज सोडून भलतीकडे. टर्बोने दाबलेली, तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी ती जाळी बंपरखाली चांगली चार बोटं लोंबत होती. प्रत्येक स्पीडब्रेकरवर खर्रकन घासायची. ताई रोज तीच गाडी घेऊन कामाला जायची आणि दाजी तिलाच बोल लावायचे, "तुला चालवताच येत नाही."

शेवटी गाडी ताईच्या धाकट्या भावाकडे, मेस्त्रीकडे आली.

"फक्त जाळी वर उचल," दाजी म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस."

मेस्त्रीने बंपर उतरवला आणि बघतच राहिला. बंपरमागे एक आडवी लोखंडी पट्टी असते. धडक बसली तर पहिला मार ती खाते. ती पट्टीच नव्हती. दोन्ही टोकांना कटरच्या खुणा, वर घाईघाईत फासलेला काळा रंग.

"दाजी, हे काय?"

"जाळी मावत नव्हती, काढली. धडकायला चाललोय का आपण? आणि ताईला उगाच घाबरवू नकोस."

दाजींपुढे तोंड उघडायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती. मेस्त्रीने जाळीचे ब्रॅकेट वर घेतले, पाइप वळवले, जाळी त्या रिकाम्या जागेत अलगद बसली. रॅम्पवर गाडी चढवून-उतरवून पाहिली. कुठे टेकली नाही. दाजींनी पाठ थोपटली.

आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक दाबला की तो हातातलं काम टाकून दारात यायचा. गुरुवारी दुपारी त्याने ताईला ऑफिसात फोन लावला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पण हे तर म्हणाले, जाळी बसवायला एक बिनकामाची पट्टी तूच काढलीस," ताई म्हणाली. "तुझ्या भावाने स्वतः बघून दिलीय, आता डोळे मिटून चालव, म्हणाले. उद्या सासूबाईंना घेऊन डोंगरापलीकडे निघणार होते मी."

मेस्त्रीने हातातला पाना खाली टाकला. "ताई, किल्ली लावू नकोस. मी येतो."

टो करून गाडी गॅरेजात आणली. बंपर खाली ठेवल्यावर ताईने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. "आणि हे तू मला आठवड्याने सांगतोस?" त्याने नव्या पट्टीचं माप घ्यायला टेप उचलली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "गाडी कुठाय?" दाजींचा आवाज अगदी थंड होता.

"इथे, गॅरेजात. पट्टी बसल्याशिवाय हलणार नाही."

"दुसरी किल्ली आहे माझ्याकडे. येतोच."

"चाकं काढ," ताई भावाला म्हणाली.

दाजी आले तेव्हा गाडी बिनचाकांची लिफ्टवर टांगलेली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. मेस्त्रीकडे तर पाहिलंसुद्धा नाही.

"एका लोखंडाच्या तुकड्यापायी घर मोडशील?"

"आधी तो तुकडा बसू दे," ताई म्हणाली.

ते हसले, किल्ली खिशात टाकली आणि सावकाश चालत निघून गेले. त्या संध्याकाळी मेस्त्रीने शटरला एकाऐवजी दोन कुलपं लावली. ताईने सासूबाईंना फोन करून सांगितलं, आज मी घरी येत नाही.