सुनेची जर्मन गाडी

सुकेशनीनं परभणीहून पालमच्या शाळेत रोज शिकवायला जाण्यासाठी पंधरा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली, तेव्हा तिचे सासरे भगवानराव खवळले. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली होती.

"पांढरा हत्ती हाय हा! मी हात लावणार न्हाई," म्हणून ते टीव्हीसमोर जाऊन बसले. रिटायर झाल्यापासून त्यांचा दिवस तिथंच जायचा.

तिसऱ्या महिन्यात, शाळेतून परतताना, पालम सुटताच इंजिन तापलं आणि वाफा निघायला लागल्या. गॅरेजवाला म्हणाला, पाण्याचा पाइप पुण्याहून येईल, आठ दिवस लागतील. नाइलाजानं सुकेशनीनं घरी फोन लावला.

भगवानराव मिळेल त्या एसटीनं पान्यांची पिशवी घेऊन आले. पाइप टोकाशीच फुटला होता. त्यांनी तेवढं टोक कापलं, पाइप पुन्हा बसवून क्लिप आवळली, पाणी भरलं. गाडी सुरू झाली. काळे झालेले हात पुसायचं विसरून ते इंजिनाचा आवाज ऐकत राहिले.

"मामा, विकून टाकू का हिला?" सुकेशनीनं विचारलं.

"येडी झालीस का? लय गुणाचं इंजिन हाय. सरक तिकडं, घरापर्यंत मी चालवतो."