सोळावा ट्रॅक

पेपरवाल्यांनी आम्हाला पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून झोडपलं: सगळी यंत्रं! ढोल डब्यातला, व्हायोलिनही डब्यातलं. खोटं नव्हतं ते. ‘ग्रे टर्बाइन’ या आमच्या दोघांच्या बँडमध्ये जिवंत असं एकच होतं, नेव्हिलचा आवाज. त्या आवाजावर एक्क्याऐंशी साली आमचं गाणं खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं आणि शेफील्डच्या बसमध्ये लोक आम्हाला ओळखायला लागले. पुढचा प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा कमी खपला. सहावा शेवटचा, हे अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी चहा पिता पिताच ठरवून टाकलं.

नऊ गाणी झाली. दहाव्याच्या वेळी नेव्हिलचा घसा पार बसला होता. गुरुवारी घशातली गाठ काढायची होती. तरी मंगळवारी खुर्चीत बसून, अंगातला कोटही न काढता, त्याने ते एकदा गाऊन टाकलं.

“हे नुसतं तुझ्या वाजवण्यापुरतं,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा कावळा बरा गाईल. बरा झालो की नीट गातो. हे पुसून टाक लेका.”

आमच्या धंद्यात रीतच आहे ती. आधी कच्चा आवाज टेपवर घ्यायचा, त्याच्या आधाराने वाद्यं भरायची आणि शेवटी पक्का आवाज. कच्चा कोणी जपून ठेवत नाही. आमच्या टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या पट्ट्या, सोळाच. बुधवारी पंधरा वाद्यांनी भरले, सोळाव्यावर नेव्हिलचा कच्चा आवाज, आणि मला टाळ्या हव्या होत्या. त्याही माणसांच्या नव्हेत, यंत्रातल्या. मी नेव्हिलच्या ट्रॅकवर रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि त्याच्या आवाजावरच टाळ्या भरल्या. थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण तो येईल तेव्हा सगळं तयार दाखवायची हौस! दैव देतं नि कर्म नेतं, ते हे असं.

गाठ साधी नव्हती. डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं.

तीन आठवड्यांनी बायकोला, ग्लेनिसला, घेऊन तो स्टुडिओत आला. गळ्याला मफलर, हातात छोटी वही.

“रॉय, हा त्या दहाव्या गाण्यावर दिवस काढतोय बघ,” ग्लेनिस म्हणाली. “वहीत लिहितो, कावळा तर कावळा, तसंच घालू अल्बममध्ये. लाव ना एकदा. मलाही ऐकायचाय त्याचा आवाज.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भित्रा माणूस, टेप लावली.

गाण्याची जागा आली. नेव्हिलने बोट वर केलं आणि नुसते ओठ हलवत पहिलं कडवं म्हटलं, हसत, माझ्याकडे बघत. त्याला वाटलं, मी आवाज वाढवायला विसरलोय. मग टाळ्या वाजल्या. तो उठून माझ्या बटणांच्या टेबलापाशी आला. सोळाव्या बटणाखालच्या चिकटपट्टीवर त्याचं नाव होतं, खोडलेलं. शेजारी माझ्या अक्षरात ‘टाळ्या’.

“मी पुसला,” मी म्हणालो. “बुधवारीच. तू म्हणाला होतास म्हणून...”

“काय पुसलंस?” ग्लेनिसने विचारलं. गाणं चालूच होतं.

नेव्हिलने वहीत काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. ‘टाळ्या थोड्या वाढव.’

नेहमीची थट्टा असेल म्हणून मी वर पाहिलं. तो रडत होता, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

मी टाळ्या वाढवल्या.